शिखर आणि संबंध

अक्कलकोटचा मुलूख सपाट. श्रीस्वामी समर्थांच्या वास्तव्यामुळे (समाधी १८७८) तेथे दत्तनाम घरोघरी रुजले. अशा मुलखातील वासनिक माहूरच्या यात्रेस निघाले की डोंगर चढणे हीच यात्रा, असे सहज वाटू लागते. मग प्रश्न उद्भवतो : ज्या वृद्ध मातेस चढवले नाही, तिची यात्रा उणी झाली काय?

प्रथम स्थान म्हणजे काय, ते पाहू. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर या चार पदार्थांत पर्वत हा प्रपंचातला. उंची हा त्याचा धर्म. पावित्र्य मात्र अवताराच्या संबंधाने येते. उंचीच थोर असती, तर महाराष्ट्रात १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर सर्वांत वंद्य ठरते. श्रीदत्तात्रेय प्रभूंचे निद्रास्थान माहूरच्या डोंगरावर देवदेवेश्वरी, तर भोजनस्थान गोदातीरी पांचाळेश्वरी. एक उंचावर, दुसरे नदीकाठी. दोन्ही ठिकाणी आपला दंडवत सारखाच. श्रीचांगदेव राऊळांना व्याघ्रवेषातील प्रभूंची भेट झाली तीही वाटेवरच्या जाळीत. माथा गाठण्याची अट तिला नव्हती. आणि सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामी साळबर्डीच्या डोंगरी बारा वर्षे राहिले, तरी पुढे जीवोद्धारासाठी ते लोकांतच आले.

मग चढणीचे श्रम व्यर्थ काय? नव्हेत. शरीर झिजते, मुखी नाम राहते, तेथे श्रम हे स्मरणाचे साहाय्य होतात. परंतु ‘मी चढलो’ हा अहंकार जो शिखरावरून घेऊन उतरतो, त्याने डोंगर चढून काय जोडले? पायाखालचा जीव न पाहता धावणाऱ्याने तर अहिंसाच वाटेत टाकली. याउलट मागे राहिलेल्या म्हाताऱ्याचा हात धरून जो थांबला, त्याचा वेळ गेला, आचार राहिला.

त्या मातेला उत्तर शास्त्रातच आहे. असन्निधानी जीवाला स्थान, प्रसाद, भिक्षुक व वासनिक ही चार साधने सांगितली आहेत. एकाशी पाय पोहोचले नाहीत म्हणून उरलेली तीन अंतरत नाहीत. तिने पायथ्याशी दंडवत घालावे, वर गेलेल्यांनी आणलेला प्रसाद वंदावा, भिक्षुकांची सेवा करावी, वासनिकांच्या मेळ्यात प्रभूंच्या लीळा आठवाव्यात. आणि जे वर जाऊन आले, त्यांनी तिच्याजवळ बसून स्थानाचे वर्णन सांगावे. तिची आर्ती पाहून आपली किती, हे त्यांना तेथेच कळेल.