परसाकडचा खड्डा

इंग्रजीतल्या ‘प्रिव्ही’ या शब्दाचं मूळ खासगीपणात आहे; आपल्या ‘परसाकडे’मध्ये नुसती दिशा आहे. अमेरिकेतल्या बाटल्या खणणाऱ्या छांदिष्टांवरचा मजकूर अनुवादासाठी आला, तेव्हा मी ‘परसाकडचा खड्डा’ लिहून मोकळी झाले. शब्द सुटला, प्रश्न सुटेना. कुणी दडवायला टाकलेलं उपसून पाहण्याचा हक्क कुणाला?

एकोणिसाव्या शतकात तिकडच्या शहरांत घरामागे विटांनी किंवा फळ्यांनी बांधलेले शौचाचे खड्डे असत. गटारं आली, तसे ते बुजले, घरच्या कचऱ्यासकट. आता ही मंडळी जुने नकाशे पाहतात, पोलादी गज खुपसून भुसभुशीत माती हुडकतात आणि मालकाला विचारून आत उतरतात. (एव्हाना सगळ्याची मातीच झालेली असते. आपल्याकडे मैल्याच्या खड्ड्यात उतरणं हे जातीनं लादलेलं काम. १९९३ आणि २०१३ चे कायदे होऊनही माणसं त्यात मरतात. ‘छंद’ हा शब्द लिहिताना हात अडखळला तो यामुळे.)

शाईच्या, बिअरच्या बाटल्या सापडतात, पण मला अडवतात त्या औषधांच्या. ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ दात येणाऱ्या बाळांना देत. त्यात मॉर्फिन असे. १९०६ च्या कायद्यानं ते लेबलावर छापणं भाग पडलं. लिडिया पिंकहॅमच्या बायकांसाठीच्या टॉनिकात मद्यार्क होता. असली बाटली खड्ड्यात गेली ती संपली म्हणून, की कुणी पाहू नये म्हणून?

पुरातत्त्वज्ञांची तक्रार निराळी आहे: थर विस्कटला की बाटली कुठल्या घरातली, कुठल्या वर्षांतली, हे कायमचं जातं. मला ती पटते. न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स या बदनाम वस्तीत १९९१ मध्ये उत्खनन झालं. सुमारे ८,५०,००० वस्तू निघाल्या, बऱ्याचशा अशाच खड्ड्यांतून. वस्तीबद्दल तोवर बाहेरच्यांनीच लिहिलं होतं; त्या लिखाणात न बसणारे चहाचे कप, सजवलेल्या बशा इथे निघाल्या. रोजनिशी न लिहिणाऱ्यांच्या बाजूनं एवढाच पुरावा असेल, तर त्यांचं खासगीपण मोडावं, असं मला वाटतं. फडताळात मांडण्यासाठी मात्र नव्हे.

त्या वस्तू वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या आवारातल्या एका इमारतीच्या तळघरात होत्या. ११ सप्टेंबर २००१ ला १८ वगळता सगळ्या गेल्या, नोंदी राहिल्या. छांदिष्टाकडे नेमकं उलट: बाटली शाबूत, नोंद नाही. काचेवर मिसेस विन्स्लोंचं नाव उठवलेलं आहे. ती रिकामी करणाऱ्या आईला आत काय आहे हे ठाऊक होतं का, ते काचेवर नाही.