पंचवीस पिनांचं लॉक

जळगावच्या गोलाणी मार्केटात किंवा धुळ्याच्या नंबरवाल्या गल्ल्यांत एखाद्या जुन्या डीटीपीवाल्याकडे डोकावलात, तर टेबलाखाली पिवळा पडलेला सीपीयू अजूनही दिसू शकतो. आत विंडोज एक्सपी, पेजमेकर आणि मागे खोचलेलं पंचवीस पिनांचं लॉक. मराठी फॉन्टचं पॅकेज विकत घेतलं की असं लॉक हातात पडायचं. ते काढलं की फॉन्ट बंद.

मायक्रोसॉफ्टनं एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला थांबवला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. म्हणून मशीन त्या रात्री बंद पडत नाही. पंचाईत होते ती मदरबोर्ड उडतो त्या दिवशी. नव्या मशीनला ते लॉक खोचायचं पोर्टच नसतं, लॉकचा जुना ड्रायव्हर चौसष्ट बिटचं विंडोज घेत नाही, आणि विकणाऱ्याचं उत्तर ठरलेलं: भाऊ, नवीन व्हर्जन घ्या.

नुसत्या पैशांचा प्रश्न असता तर माणूस दोन शिव्या हासडून मोकळा झाला असता. पण त्या फॉन्टांत वर्षानुवर्षांचं काम अडकलेलं असतं: पत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, गावोगावच्या कवींचे संग्रह. युनिकोडआधीच्या या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली. फॉन्ट नसला की ‘चि. सौ. कां.’च्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. कन्व्हर्टर मिळतात, पण पहिली वेलांटी जुन्या फॉन्टांत अक्षराच्या आधी साठवलेली, युनिकोडमध्ये नंतर. रफार तर वाटेल तिथे जाऊन बसतो. म्हणजे सगळं प्रूफ पुन्हा वाचणं आलं, तेही फुकटात.

धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला याच गावी वारले आणि १९२७ मध्ये मंडळ उभं राहिलं. तिथला मोडी कागद वाचायला मोडी यावी लागते, बस्स. लिहिणाऱ्या कारकुनाची परवानगी अजून चालू आहे का, असं तो कागद विचारत नाही. १९९८ ची फाईल विचारते.

कंपनीनं जन्मभर सेवा द्यावी असं कोण म्हणतंय? त्यांनाही पगार करायचे असतात. पण सेवा थांबवताना लॉकही काढून टाकायला काय जातं? जो माल विकायचाच बंद केला, त्यावर पहारा कसला? आपण फक्त वापरायची परवानगी घेतली, असं करारात बारीक अक्षरांत असतं म्हणे. दुकानात पावती फाडली ती मात्र विक्रीचीच.

शहाणे ऑपरेटर जुनं मशीन चालू आहे तोवरच एकेका फाईलची पीडीएफ काढून ठेवतात. पीडीएफ वाचता येते, छापताही येते. थोरल्याची पत्रिका धाकट्यासाठी वापरायची म्हटली, की मात्र गणपतीपासून सगळं नव्यानं टाईप करायचं.