टॉर्च धरून शिकता येत नाही

पुणे

चि. सौ. सूनबाईस,

फोनवरच बोलले असते, पण तुमचा फोन स्पीकरवर असतो आणि शेजारी माझा लेक बसलेला असतो. म्हणून लिहिते. बाळंतिणीला सोडून मला इतक्यात पुलगावला येता येणार नाही, आणि होळी झाली म्हणजे घरातला कूलर काढायची वेळ झालीच.

परवा म्हणालीस, "मला शिकायचंय, पण माझ्या हातात टॉर्चच येते." पोट्टं माझंच आहे, मला ठाऊक आहे. पाना दुसऱ्याच्या हातात दिसला की त्याचे हात शिवशिवतात. "दे इकडे, लवकर होतं." होतं लवकर, नाही म्हणत नाही. पण पोळ्या लाटताना बघून कुणाला पोळी आली आहे का? यंदाचा कूलर तू काढ. टॉर्च त्याला धरू दे.

तुझे मामाजी मिलमध्ये फिटर होते. मला शिकवताना ते दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहत आणि तोंडानेच सांगत. नट उलटा फिरवला तरी हात पुढे येत नसे. लेकाला सांग, बाबांसारखा उभा राहा. ज्याचा हात चांगला चालतो, त्याला आपण काय करतो हे सांगता येतंच असं नाही, म्हणून तू विचारत जा. आवाज ऐकून काय कळलं? इथेच का उघडलं? विचारल्यावर त्याचं त्यालाही उमगेल.

आता कूलर. स्विच बंद केला म्हणजे वीज गेली असं समजू नकोस. जुन्या वायरिंगमध्ये स्विच कधी न्यूट्रलवर बसवलेला असतो. मग बंद दिसणाऱ्या कूलरमध्येही फेज पोचलेला असतो. पिन सॉकेटमधून ओढून काढायची, मगच हात लावायचा. उघडण्याआधी मोबाईलवर फोटो काढ. काढलेले बोल्ट त्याच क्रमाने वाटीत ठेव.

आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. पंपाच्या जाळीवर पांढरी खपली धरते, ती ब्रशने काढ. पंप कोरडा कधी चालवू नकोस, जळतो. पाणी एका ताटीवर धो धो आणि दुसरीवर थेंब थेंब पडत असेल तर वरच्या नळीची भोकं बुजली आहेत. सुईने मोकळी कर. पंखा नुसता गुणगुणतो, फिरत नाही, आणि काडीने ढकलल्यावर सुरू होतो, तर बहुतेक कपॅसिटर गेलेला असतो. नवा आणताना जुन्यावरचा आकडा बघून तोच आण. आणि जुन्याच्या तारांना उघड्या बोटांनी हात लावू नकोस. पिन काढल्यावरही त्यात वीज साठलेली राहते.

सगळ्यात महत्त्वाची ती हिरवी तार, म्हणजे अर्थिंगची. पत्र्याचा कूलर, खाली पाणी आणि त्यात हा पंप! मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की आपल्या विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. हिरवी तार पत्र्याला बोल्टने पक्की कसलेली आहे ना, तीन पिनांच्या प्लगमध्ये ती खरंच जोडलेली आहे ना, हे तू स्वतः बघ. मुख्य बोर्डावर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. मीटरपासच्या कामाला मात्र दोघांनीही हात घालू नका, वायरमन बोलवा. सगळं स्वतःच करण्याचा हट्ट हीही एक खोड असते, आणि ती बाप-लेकात सारखी आहे.

हाताने काम करत शिकण्याची गोष्ट आपल्या जिल्ह्यात काही नवी नाही. वर्ध्याला 1937 साली जी शिक्षण परिषद भरली, तिथेच गांधीजींची नयी तालीम पुढे आली. शिक्षण हातांच्या कामातून द्यायचं, हाच तिचा गाभा. सेवाग्रामला मुलं आणि मुली दोघंही सूत कातत, सफाई करत. हा मुद्दा लेकाच्या कानावर घाल, भाजी चिरायला बसव, मग कपॅसिटरचं विचार. बरोबरीचा सौदा आहे.

नळाची तोटी गळते म्हणालीस, तीही तूच बदल. आधी टाकीचा कॉक बंद कर. टेफ्लॉन टेप ज्या दिशेला आटे घट्ट होतात त्याच दिशेला गुंडाळायची, नाहीतर तोटी फिरवताना ती सुटून वर गोळा होते. पाना फार जोर लावून फिरवू नकोस, प्लास्टिकचा सांधा तडकतो.

ताट्यांचं गवत आत्ताच आणून ठेव. एप्रिल लागला की भाव चढतात. वाळ्याची मिळाली तर पुढच्या खोलीसाठी एक घे. मामाजींची पेटी माळ्यावर पत्र्याच्या डब्यामागे आहे. त्यातला पिवळ्या मुठीचा पेचकस तुझा. त्याने मागितला तर देऊ नकोस.

तुझी,
आई