‘लिहिलें’ या शब्दाची जबाबदारी

दोडामार्गचा पाऊस ज्यांनीं अनुभविला आहे, त्यांस तेथील विजेच्या लहरीची ओळख करून द्यावयास नको. गेल्या आषाढांत तेथें मुक्कामास असतां एका सायंकाळीं आम्ही विद्यार्थ्यांचे गुण संगणकांत उतरवीत होतों. यंत्रानें ‘जतन झालें’ असें सांगितलें, तोंच वीज गेली. ती परतल्यावर पाहतों तों शेवटचीं दहा-बारा नांवें नाहींशीं झालेलीं! यंत्र आमच्याशीं खोटें बोललें काय?

वस्तुस्थिति अशी कीं, संगणकाच्या कारभाराचा गाभा, ज्यास कर्नल म्हणतात, मजकूर हातीं येतांच तो तात्पुरत्या स्मृतींत ठेवितो व ‘लिहिलें’ असें कळवितो. कायमच्या तबकडीवर तो मागाहून उतरतो; लिनक्स प्रणालींत सामान्यतः ३० सेकंदांच्या सुमारास. दुकानांतील मुनीम चिठोऱ्यावर टिपण करून ‘नोंद झाली’ म्हणतो आणि कीर्दींत ती दिवेलागणीस चढवितो, तसेंच हें. तबकडी मंद असल्यामुळें ही सोय करावी लागते. ज्यास खात्री हवी, त्यानें तशी स्पष्ट मागणी करावी. मग लेखन पक्कें होईपर्यंत गाभा उत्तर देत नाहीं.

या मागणीचा इतिहासही मनन करण्याजोगा आहे. ही खात्री पाळण्याचें काम लिनक्समध्यें पूर्वीं निरनिराळ्या फाइल-व्यवस्था आपापल्या परीनें करीत. २००९ सालीं तें एका सामाईक जागीं आणून सोपें करण्यांत आलें. शिवाय २०१० सालच्या २.६.३३ या आवृत्तीपूर्वीं ‘ओ-सिंक’ या नांवाखालीं बहुधा मिळे ती ‘ओ-डीसिंक’ची धाकटी खात्री: मजकूर, आणि तो पुन्हा सांपडण्यास अवश्य तेवढ्याच नोंदी. पुढें दोन वचनांस दोन नांवें मिळालीं.

कोणी म्हणेल, प्रत्येक गोष्ट पक्की होईपर्यंत थांबल्यास जगाचा व्यवहारच खुंटेल. तें आम्हांस मान्य आहे. आमचा आग्रह सावकाशीचा नसून योग्य शब्दाचा आहे. ‘घेतलें’ आणि ‘लिहिलें’ यांत अंतर आहे, आणि त्या अंतरांतच दुसऱ्याचें नुकसान होतें.

ते गुण आम्ही पुन्हा लिहिले. परंतु पूर्वीं एका विद्यार्थ्यास ‘शिफारसपत्र पाठविलें’ असें आम्हीं सांगितलें होतें, तेव्हां तें आमच्या खणांतच होतें. उद्यां टाकूं, असा आमचा प्रामाणिक हेतु होता. मुदत टळली. त्याच्या ‘आभारी आहें, सर’ या शब्दांची आठवण आम्हांस त्या अंधारांत झाली, आणि यंत्रावरील आमचा राग ओसरला.