उसनें पान

माझ्या पुतण्यानें मुक्ताईनगरास, म्हणजे जुन्या एदलाबादेस, घर बांधावयास काढलें आणि ओसरीच्या चार खांबांवर काय बसवावें हें विचारण्यासाठीं मला बोलाविलें. वस्तुतः तें आधींच ठरलें होतें. साच्यांतून ओतलेलीं, संगमरवराचा भास आणणारीं चार कॉरिंथियन स्तंभशीर्षें अंगणांत मांडलेलीं होतीं. मला हसूं आलें. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचें पाषाणमंदिर उभें असतां ह्याला ग्रीस कोठून आठवलें, असें मीं विचारलें. तो नम्रपणें म्हणाला, "काका, मुंबईच्या टाउन हॉलांत नेऊन ह्या शैलीचें कौतुक तुम्हींच मला सांगितलें होतें."

सांगितलें होतें खरें. कर्नल काउपर ह्यांनीं योजिलेली ती इमारत १८३३ सालीं पुरी झाली. दर्शनी बाजूस साधे, भारदस्त डोरिक स्तंभ आणि आंत दिवाणखान्यांत पर्णमंडित कॉरिंथियन. तेथें जें मला अभिजात वाटलें, तेंच पुतण्याच्या ओसरीवर हास्यास्पद कां वाटावें?

पहिलें उत्तर सुचलें तें असें, कीं येथें सळ्यांचा खांब छप्पर पेलतो व शीर्ष नुसतें चिकटविलेलें असतें, म्हणून तें असत्य आहे. पण हें उत्तर टिकत नाहीं. ग्रीक संगमरवरांतही भार पेलतो तो आंतला घंटाकृति गाभा. भोंवतालचीं पानें कांहींच पेलीत नाहींत. अजिंठ्याच्या चैत्यांतील दगडी फासळ्या तरी कोणतें छत धरून आहेत? त्या लांकडी मंडपाची आठवण आहेत. ह्या न्यायानें अजिंठ्यालाही खोटें म्हणावें लागेल, आणि तें म्हणण्याची माझी छाती नाहीं.

विट्रुव्हिअस ह्या रोमन ग्रंथकारानें ह्या शीर्षाची एक कथा दिली आहे. कॉरिंथ येथील एक कुमारिका वारली. तिच्या आवडीच्या वस्तु दाईनें टोपलींत घालून, वर कौल झांकून, थडग्यावर ठेविल्या. खालीं अकँथसचें मूळ होतें. वसंतांत त्याचीं पानें टोपलीभोंवतीं चढलीं व कौलाच्या कोपऱ्यांशीं अडून वळलीं. तें पाहून कॅलिमॅकस नांवाच्या शिल्पकारानें हा घाट घडविला. कथा खरी असो वा नसो, तींत कोणीतरी डोळे उघडून पाहिलें आहे. पुढें तें पान रोमच्या वैभवावर चढलें. १७६२ सालीं स्टुअर्ट व रेव्हेट ह्यांच्या अथेन्सविषयक ग्रंथाचा पहिला खंड निघाल्यावर प्राचीन ग्रीक घाटांची मोजमापें सर्वांच्या हातीं आलीं, आणि युरोपांत व वसाहतींत असे स्तंभ पेढ्यांना व न्यायमंदिरांना शोभवूं लागले. त्या मुलीची आठवण कोणास उरली?

गांधारच्या शिल्पकारांनीं मात्र हेंच परकें पान घेऊन त्याच्या मध्यें बुद्धाची लहानशी मूर्ति बसविली. तेंही उसनेंच, पण त्यांना स्वतःचें कांहीं सांगावयाचें होतें. टाउन हॉलच्या स्तंभांना काय सांगावयाचें होतें? राज्यकर्ते आपणांस अथेन्स व रोमचे वारस म्हणवीत होते, एवढेंच. आणि पुतण्याला? मीं त्याला स्पष्टच विचारलें. तो म्हणाला, "घर मोठ्या माणसाचें दिसावें." ह्या दोन उत्तरांत मला फारसें अंतर दिसेना, पुतण्याचें अधिक प्रामाणिक वाटलें. मग माझें हंसणें रसिकतेचें नव्हतें. इंग्रजी पुस्तकांतून मिळविलेली ओळख दुसऱ्यानें स्वस्तांत घेतली, त्याचा तो राग होता. तरीही तीं शीर्षें मला आवडलीं नाहींत, हेंही नमूद केलें पाहिजे. त्यांवर कोणाच्याही हाताची खूण नव्हती.

शेवटीं तीं बसलीं. बसवितांना गवंड्यानें मला विचारलें कीं हें पान कशाचें. मी अध्यापक; सांगितलें कीं आपला अडुळसा ह्याच कुळांतला. कुंपणाशीं अडुळसा होताच. त्यानें जाऊन एक पान तोडून आणिलें, शीर्षाशीं धरून पाहिलें आणि म्हणाला, "साहेब, ह्याची कड तर सरळ आहे. हें कातरलेलें पान तुम्हीं झाडावर कधीं पाहिलें आहे काय?"

मीं पाहिलें नव्हतें.