खापरपणजोबा

माझी बदली खापरला झाली तेव्हा जुन्या शाखेतल्या प्रत्येकाने हळहळून एकच विनोद केला. "शेवटी खापर तुझ्याच माथी फुटलं म्हणायचं!" पहिल्या वेळी मी खरा हसलो. पुढच्या अकरा वेळा हसलो, कारण निरोपाची भेटवस्तू अजून हातात पडायची होती.

खापर हे अक्कलकुवा तालुक्यातलं, गुजरातच्या सीमेजवळचं गाव. इथल्या लोकांच्या कागदांची एक गंमत आहे. हल्लीच्या कागदावर जिल्हा नंदुरबार, 1 जुलै 1998 च्या आधीच्या कागदावर धुळे, आणि आजोबाच्या वेळचा कागद निघालाच तर त्यावर पश्चिम खानदेश. माणूस बिचारा त्याच अंगणात, त्याच खाटेवर. जिल्हेच येऊन गेले!

आमच्या सामानात प्रत्येक बदलीला एक पत्र्याची ट्रंक असते. तिच्यात घराण्याचे जुने कागद आहेत.

"आहे तरी काय एवढं यात?" सौ.ने विचारलं.

"इतिहास."

"मग तो एकदा झटकून ठेवा. इतिहासात झुरळं झालीत."

खरं तर मी कॉमर्सवाला. कागदाला मुदत असते, हे मला पटलेलं आहे. बँकांच्या जुन्या दप्तराचं आयुष्य 1985 सालच्या नियमांनी ठरवून दिलंय. काही कागदांना पाच वर्षं, काहींना आठ. हा नियम घरी बोलून दाखवण्याची चूक माझ्या हातून झाली, आणि ट्रंकेवर जप्तीची नोटीस आली.

पण मी पडलो धुळ्याचा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 1926 साली आमच्याच गावी वारले, आणि दुसऱ्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. गावोगाव पायपीट करून त्या माणसाने जुनी दप्तरं गोळा केली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने 22 खंड काढले. मनात आशा होती, की आपल्याही ट्रंकेत एखादी सनद निघेल आणि आमचे खापरपणजोबा पेशव्यांच्या पदरी होते हे सिद्ध होईल. पेशव्यांच्या पदरी नव्हते असे खापरपणजोबा मला महाराष्ट्रात अजून भेटायचे आहेत. मग पेशव्यांच्या पालख्या उचलत कोण होतं आणि घोड्यांना खरारा करत कोण होतं, हे काही कळत नाही.

एका रविवारी ट्रंक उपसली. सनद नव्हती. खापरपणजोबांचं नावसुद्धा नव्हतं. निघाली ती गिरणीत कामाला असलेल्या आजोबांची पगाराची चिठ्ठी. तीवर लिहिलं होतं, 'उशिरा आल्याबद्दल दंड आठ आणे.' आता आजोबांचा दंड जपण्यात कसलं आलंय भूषण? चिठ्ठी रद्दीत टाकायचं ठरवलं.

सोमवारी काउंटरवर डोंगरातले एक म्हातारबाबा आले. खात्याचे कागद काढताना त्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक पिवळा, घडीवर विरलेला तुकडा पडला. जंगलात नांगर घातला म्हणून फार वर्षांपूर्वी झालेल्या दंडाची ती पावती होती.

"बाबा, दंड भरलेला कागद कशाला हो जपलात?"

बाबांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "सायेब, दंड केला म्हंजे मी तिथं होतो ना!"

माझी पदवी, एकवीस वर्षांची नोकरी आणि पाच-आठ वर्षांचा नियम त्या एका वाक्यात निकालात निघाले. 2006 च्या वनहक्क कायद्यात 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसत असल्याचं दाखवावं लागतं. जो कागद तेव्हा गुन्ह्याचा होता, तोच आता हक्काचा पुरावा झाला. ज्यांनी तो लाजेने फाडला त्यांचं काय? तर 2008 च्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचं सांगणं लिहून घेतलं तर तेही एक पुरावा म्हणून धरतात. 'तोंडी चालणार नाही' हे वाक्य दिवसातून चाळीस वेळा म्हणणाऱ्या माणसाला हा केवढा धक्का!

आणि खरंच, ज्याच्याकडे वतन होतं त्याला सनद मिळाली. ज्याच्याकडे नुसते हात होते त्याला मिळाला दंड, नाहीतर अंगठ्याचा ठसा. त्यांचं बाकी सगळं राहिलं तोंडातच. ते वेळेवर लिहून घेणारेही थोडे आहेत. इथून जवळच नर्मदाकाठ आहे. तिथल्या केशवभाऊ आणि केवलसिंग वसावे यांनी सांगितलेली लढ्याची हकीकत नंदिनी ओझांनी लिहून घेतली. मुंबईच्या गिरणगावातल्या माणसांचं बोलणं नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी 2004 साली पुस्तकात आणलं. तोवर 1982 चा संप होऊन बावीस वर्षं लोटली होती आणि सांगणारे कमी होत चालले होते. मग फेकायचं काय, हे ठरवण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला? पुढे कोणता कागद कुणाच्या कामी येईल, हे काही रद्दीवाल्याचा तराजू सांगत नाही.

संध्याकाळी चिठ्ठी पुन्हा ट्रंकेत गेली. सौ.ने डांबरगोळ्या टाकल्या आणि सहज विचारलं, "पण आजोबांना उशीर का झाला होता हो?"

मला ठाऊक नव्हतं. धुळ्याला आत्याला फोन लावला. ती पंचाऐंशीची आहे. "उशीर कसला रे? पांझरेला पूर होता! पलीकडची सगळीच माणसं अडकली, नि सगळ्यांनाच दंड झाला." मग ती तासभर बोलत राहिली. माझं अक्षर बँकेतलं, म्हणून लिहून घेतलं सौ.ने. कागदावर फक्त उशीर होता. पूर होता तो आत्याकडे.

दुसऱ्या दिवशी मला बँकेत पोचायला दहा मिनिटं उशीर झाला. हल्ली आम्हां शिकलेल्यांचीही हजेरी अंगठ्यानेच लागते. यंत्राने उशीर टिपून घेतला. मला मुळीच वाईट वाटलं नाही; निदान मी तिथे होतो. पण यंत्राचा काय भरवसा? म्हणून घरी येऊन चिठ्ठी लिहिली आणि ट्रंकेत टाकली. माझ्या खापरपणतूला उपयोगी पडेल. 'उशीर : दहा मिनिटे. कारण : ट्रंक कुठे ठेवायची यावरून सौ.शी वाद. निकाल : आत्याच्या फोनपर्यंत तहकूब.'