सोंगणीच्या दिवसांत वेत

चि. छकुलीस,


गाय दसऱ्याच्या सुमारास आणि दोन्ही म्हशी पोळा ते दिवाळीच्या दरम्यान वितील, असं तू लिहिलंस. सगळ्या एकदम कशा आल्या म्हणून घाबरू नको, आपल्या वाशिम जिल्ह्यात असंच होतं. पावसाळ्यात पोटभर हिरवं खाल्लेल्या म्हशी थंडीत माजावर येतात, फळतात, आणि दहा महिने दहा दिवसांचा हिशोब धरला की पुढचा भादवा-कार्तिक येतो. गाय बाराही महिने फळते, तिचे नऊ महिने नऊ दिवस.

अडचण वेगळीच आहे. याच दिवसांत सोयाबीनची सोंगणी येते. मजूर मिळत नाहीत, पावसाची धास्ती असते, घरदार सकाळीच वावरात जातं, आणि गोठ्यात म्हैस एकटी विते. पुष्कळ वासरं अशीच हातची जातात. म्हणून माझं म्हणणं असं, की वेत जवळ आलं की घरातलं एक माणूस सोंगणीत धरायचंच नाही. एखाद-दोन दिवस उशीर झाला तर थोड्या शेंगा तडकतील, पण वेत बिघडलं तर वर्षभराचं दूध जातं. दादा कुरकुरला तर मोठ्या बाबांनी सांगितलं म्हण.

तयारी आधी दोन महिन्यांपासून. त्या सुमारास गाय आटवायची. दूध निघतंय म्हणून काढत राहिलं की कासेला विसावा मिळत नाही आणि पुढचं वेत कमी पडतं. आटवताना सडात सोडायचं औषध डॉक्टरांकडून घे. ढेप, थोडं भरड धान्य, खनिज मिश्रण चालू ठेव, पण कॅल्शियमच्या बाटल्या विण्याआधी आपल्या मनाने पाजू नको. आधीच भरपूर बाहेरून मिळालं, तर विल्यावर हाडांतलं कॅल्शियम काढायला तिच्या अंगाला वेळ लागतो आणि दुग्धज्वराची भीती वाढते. सोयाबीनचं कुटार कोरडं असेल तर खुशाल दे. पावसात भिजून काळं पडलेलं, बुरशीचा वास येणारं कुटार गाभण जनावराला अजिबात नको, त्याने गाभ गळू शकतो. सोयाबीनच्या ढिगाकडेही लक्ष असू दे. दावं सुटलेलं जनावर त्यात तोंड घालून बसलं की पोट फुगून मरणाच्या दारी जातं.

वेळ जवळ आली की शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडतात, कास ताणते, निरणातून चिकट सोट लोंबते. मग जनावर मोकळ्या, कोरड्या जागी बांध, खाली कुटार किंवा गवत पसर, आणि गर्दी हटव. पाणमोट फुटल्यावर आधी पुढचे दोन खूर दिसायला हवेत, तळवे जमिनीकडे, आणि त्यांच्यावर टेकलेलं नाक. असं असेल तर हात लावू नको, ती आपली विते. तळवे आभाळाकडे असले तर बहुधा मागचे पाय आधी आलेत. जोराच्या कळा चालू असून तासाभरात काहीच पुढे सरकलं नाही, किंवा एकच पाय दिसला, तर लगेच डॉक्टरांना फोन कर. फिरत्या दवाखान्यासाठी 1962 हा क्रमांक आहे. चार गडी जमवून दोरीने ओढू देऊ नको, पिशवी फाटली की गाय हातची गेली. फारच अडलं तर अकोल्याला पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे.

वासरू पडलं की नाकातोंडातला चिकटा बोटाने काढ, नाकपुडीत गवताची काडी फिरव. शिंक आली की श्वास लागतो. नाळ बेंबीपासून दोन-तीन बोटांवर स्वच्छ दोऱ्याने बांधून नव्या पात्याने काप आणि टिंचर आयोडिनात बुडव. मग आईसमोर ठेव, ती चाटते तसं त्याच्या अंगात रक्त फिरतं.

आता चिकाचं. आपल्याकडे अजूनही जार पडेपर्यंत वासराला पाजत नाहीत. कोणीही काही म्हणो, हे तू ऐकायचं नाही. गाईच्या रक्तातली रोगाशी लढणारी ताकद पोटातल्या वासरापर्यंत पोचत नाही, ती फक्त चिकातून मिळते. आणि ती आतड्यातून रक्तात जायची वाट पहिल्या काही तासांतच उघडी असते, दिवसभरात बंद होते. म्हणून कास धुऊन पहिल्या तासातच पाज. पहिल्या दिवसात वजनाचा दहावा हिस्सा चीक पोटात जायला हवा, म्हणजे तीस किलोच्या वासराला तीन लिटर, दोन-तीन वेळा वाटून. आळीत चीक वाटायचा, खरवस करायचा, तो वासराचं झाल्यावर. वासराने ओढलं की जार पडायलाही मदतच होते. बारा तासांत पडला नाही तर डॉक्टरांना बोलाव. लोंबत्या जाराला दगड नाही बांधायचा, चप्पल नाही बांधायची.

पहिले तीन दिवस गाय नीट न्याहाळ. मान कुशीत घालून बसली, कान गार लागले, उठेना, तर तो दुग्धज्वर. शिरेतून कॅल्शियम दिलं की तीच गाय थोड्या वेळात उठून उभी राहते. उशीर मात्र चालत नाही.

रेडकू नर झालं म्हणून त्याला दूध तोडू नको. आपल्या भागात ही वाईट खोड आहे, आणि त्यात भरपूर रेडकं मरतात. त्याला आईच्या दुधातूनच जंत येतात, म्हणून दहाव्या-पंधराव्या दिवशी डॉक्टरांना विचारून जंताचं औषध दे. कालवड किंवा वगार झाली तर चार ते आठ महिन्यांची असताना सांसर्गिक गर्भपाताची लस एकदा टोचून घे.

गाईच्या रेतनाची तारीख तू लिहिलीस, म्हशींची लिहिली नाहीस. दवाखान्यात कानाच्या बिल्ल्यावरून नोंद सापडेल, ती पाहून कळव. लहान म्हैस पहिलारू आहे, तिच्या वेळेला मी स्वतः येईन म्हणतो.

तुझे मोठे बाबा
मंगरूळपीर